बंदरावर पैसे कोण भरतं?

23 सप्टेंबर 2024 ला, निवडणुकीच्या प्रचारात, डोनाल्ड ट्रम्प पेनसिल्व्हेनियातल्या स्मिथटन गावी शेतकऱ्यांशी बोलायला बसले होते. पाठीमागे जॉन डिअरचे हिरवे ट्रॅक्टर उभे. बोलता बोलता त्यांचं लक्ष मागे गेलं आणि त्यांनी दम भरला : या कंपनीनं कारखाना मेक्सिकोत हलवला, तर तिथून येणाऱ्या तिच्या मालावर 200 टक्के आयात शुल्क लावीन.

समोर शेतकरी ऐकत होते. हे ट्रॅक्टर विकत कोण घेतं?

तेच.

मेक्सिकोतला माल अमेरिकेत बिनशुल्क यायचा तो एका करारामुळे. मेक्सिको, कॅनडा आणि अमेरिका यांच्यातल्या या कराराची नवी आवृत्ती 2018 साली ठरली आणि 2020 पासून लागू झाली. अमेरिकेच्या बाजूनं सही कोणाची? डोनाल्ड ट्रम्प यांची. त्या सहीवर विसंबून ज्यानं कारखान्याची जागा ठरवली, त्यानं आता दाद कोणाकडे मागायची?

स्मिथटनमध्ये निशाण्यावर एक कंपनी होती. 15 ऑक्टोबरला शिकागोच्या इकॉनॉमिक क्लबमध्ये सगळं जग आलं. सगळ्या देशांच्या मालावर 10 किंवा 20 टक्के, चीनच्या मालावर 60 टक्के, मेक्सिकोतून येणाऱ्या मोटारींवर तर तोंडाला येईल तो आकडा. त्याच दिवशी आपल्याकडे विधानसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली, त्यामुळे इकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं. जॉन डिअरचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीतही बनतात.

ट्रम्प यांचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे : पैसे परदेश भरणार. प्रचाराच्या प्रत्येक सभेत ते हे सांगायचे आणि प्रत्येक सभेत टाळ्या पडायच्या. पण बंदरावर कंटेनर उतरतो तेव्हा शुल्काची रक्कम भरतो तो माल मागवणारा अमेरिकन व्यापारी. बीजिंगहून धनादेश घेऊन कोणी येत नाही.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुलुंडच्या, दहिसरच्या जकात नाक्यावर ट्रकवाला पैसे भरायचा, आणि वसूल व्हायचे ते दादरच्या दुकानात.

अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं 2023 मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या शुल्कांचा हिशेब मांडला. जवळपास सगळा भार अमेरिकन आयातदारांवर पडला, असा निष्कर्ष निघाला. हा आयोग सरकारी आहे, कोणा विरोधकाची संस्था नव्हे. पण ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे अहवाल काय आणि अभंग काय!

बरं, या शुल्कातून साधायचं काय आहे? एका सभेत उत्तर मिळायचं, तिजोरी भरेल, इतकी की प्राप्तिकराचीही गरज उरणार नाही. दुसऱ्या सभेत उत्तर मिळायचं, परदेशी माल येणंच थांबेल आणि कारखाने परत येतील. माल आला नाही तर शुल्क कशावर घेणार? आणि शुल्क मिळत राहिलं तर कारखाने कुठे आले? दोन्ही आश्वासनं एकाच वेळी पाळता येणार नाहीत. सभेत मात्र दोन्ही खपायची.

आकडेही बघा. अमेरिकेत व्यक्तिगत प्राप्तिकरातून वर्षाला दोन लाख कोटी डॉलरहून जास्त जमा होतात. आयात शुल्कातून 2024 मध्ये मिळत होते सुमारे आठ हजार कोटी. एवढं मोठं खिंडार शुल्कानं बुजवायचं म्हटलं तर दर इतके चढवावे लागतील की बंदरं ओस पडतील.

आता एक वस्तू जवळून पाहू. वॉशिंग मशीन.

जानेवारी 2018 मध्ये ट्रम्प यांनी परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. सुरुवातीच्या कोट्यावर 20 टक्के, त्यापुढे 50 टक्के. मागणी होती व्हर्लपूल या अमेरिकन कंपनीची. कोरियाच्या कंपन्या फार स्वस्त विकतात, ही तिची तक्रार. फार स्वस्त! ग्राहकासाठी याहून चांगली बातमी ती कोणती? पण वॉशिंग्टनमध्ये तिची नोंद गुन्हा म्हणून झाली.

पुढे काय झालं ते आरन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट या तीन अर्थतज्ज्ञांनी तपासलं. मशीनच्या किमती सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या. कोरियन मशीनच्या वाढल्या तशा अमेरिकन मशीनच्याही वाढल्या. स्पर्धकाच्या पायात बेडी पडल्यावर आपला भाव कोण कमी ठेवील?

आणि ड्रायर? ड्रायरवर एक सेंटही शुल्क नव्हतं. तरी तेही महागले, कारण अमेरिकेत दोन्ही यंत्रं जोडीनं विकली जातात. दुकानदारांनी वाढ दोघांत वाटून टाकली. मशीनमागे सुमारे 86 डॉलर, ड्रायरमागे 92. ज्याच्यावर कर नव्हता त्याची वाढ जास्त.

नोकऱ्या मिळाल्या का? मिळाल्या. सुमारे 1800. टेनेसी आणि साउथ कॅरोलिनात कोरियन कंपन्यांचे कारखाने सुरू झाले, ओहायोतल्या क्लाइड गावी व्हर्लपूलनं भरती केली. ते 1800 कामगार छायाचित्रात दिसतात, त्यांची नावं आहेत, चेहरे आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकन घरांनी वर्षाला दीड अब्ज डॉलर जादा मोजले, ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत. सरकारी तिजोरीत आले फक्त आठ कोटींच्या आसपास डॉलर. ते वजा केले, तर एका नोकरीची किंमत निघते आठ लाख पंधरा हजार डॉलर. आपल्या पैशात, 2024 च्या दरानं, सुमारे 6.8 कोटी रुपये.

त्या कामगाराला पगार किती मिळत असेल? उरलेले कुठे गेले?

पोलादाची कथा याहून वाईट. मार्च 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क आलं. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. 1962 च्या एका कायद्यात तशी तरतूद आहे, तिचा आधार घेतला. ज्या कॅनडाचे सैनिक दोन महायुद्धांत मित्रराष्ट्रांच्या बाजूनं लढले, त्याचं पोलाद अमेरिकेच्या सुरक्षेला धोका ठरलं.

मिसुरी राज्यात पॉप्लर ब्लफ नावाचं छोटं शहर आहे. तिथे मिड कॉन्टिनेंट ही खिळ्यांची कंपनी, सुमारे पाचशे कामगारांची. खिळे बनतात पोलादी तारेपासून आणि तार यायची मेक्सिकोतून. शुल्क लागलं, तार महागली, खिळा महागला. बाहेरच्या तयार खिळ्यावर मात्र हे शुल्क नव्हतं! गिऱ्हाईक तिकडे वळलं. जूनमध्ये साठ जणांना घरी पाठवलं, पुढे आणखी गेले. त्या काउंटीनं 2016 मध्ये ट्रम्प यांना भरभरून मतं दिली होती.

अमेरिकेत पोलाद बनवणाऱ्या एका नोकरीमागे पोलाद वापरणाऱ्या उद्योगांत सुमारे ऐंशी नोकऱ्या आहेत. एकाला वाचवायला ऐंशी जणांचा कच्चा माल महाग केला. हे कोणत्या हिशेबात बसतं? निवडणुकीच्या बसतं. पोलाद गिरण्या पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत आहेत, आणि तिथली मतं इतर राज्यांतल्या मतांपेक्षा भारी पडतात.

मग समोरचेही हात बांधून बसत नाहीत. युरोपनं हार्ले डेव्हिडसनवरचं शुल्क 6 वरून 31 टक्क्यांवर नेलं. कंपनीनं युरोपसाठीचं उत्पादन अमेरिकेबाहेर नेण्याची घोषणा केली. कारखाना देशात ठेवण्यासाठी लढाई सुरू झाली आणि कारखाना देशाबाहेर निघाला.

चीननं सोयाबीनवर 25 टक्के लावले आणि ब्राझीलकडून माल उचलला. आयोवाच्या, इलिनॉयच्या शेतकऱ्यांचं गिऱ्हाईकच गेलं. मग त्यांना सावरायला सरकारनं दोन वर्षांत 28 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. आधी शेतकऱ्याची बाजारपेठ घालवायची, मग त्याच्या हातावर अनुदान ठेवायचं आणि वर उपकार म्हणून सभेत सांगायचं. स्वतःच्या हिमतीवर जगाला धान्य विकणारा माणूस सरकारी मदतीच्या रांगेत उभा केला. मला यातला सर्वांत मोठा तोटा हा वाटतो.

ट्रम्प यांना मतं देणारे लोक मूर्ख आहेत, असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही.

त्या लोकांचं दुःख खरं आहे. 1999 ते 2011 या काळात चिनी मालाच्या लोंढ्यानं अमेरिकेत वीस लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, असं अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय. त्या विखरून गेल्या नाहीत. ठरावीक गावांतल्या गेल्या. नॉर्थ कॅरोलिनातल्या फर्निचरच्या गावात कारखाना बंद पडला की पाठोपाठ खानावळ बंद पडते, घराची किंमत पडते, पोरं गाव सोडतात. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनी या गावांकडे वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही. व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना नवं काम शिकवण्याची एक सरकारी योजना होती. 2022 च्या जुलैत तिची मुदत संपली आणि काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ती वाढवली नाही.

जखम खरी आहे. पण वैद्य चुकीचा आहे. चीनमधून आलेल्या खुर्चीवर 60 टक्के शुल्क लावलं तर ऑर्डर व्हिएतनामला जाईल. नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या माणसाच्या हाती काय येईल? महागडी खुर्ची.

शुल्काचं खरं विष किमतीत नाही, अर्जात आहे.

2018 मध्ये पोलादावर शुल्क लावलं तेव्हा एक सोयही ठेवली. तुमची अडचण खरी असेल तर वाणिज्य खात्याकडे अर्ज करा, सूट मिळेल. दीड-दोन वर्षांत एक लाखाहून जास्त अर्ज आले. पॉप्लर ब्लफच्या त्या खिळेवाल्यांनाही अर्ज करावा लागला, त्यांना सूट मिळाली ती एप्रिल 2019 मध्ये. तोवर घरी गेलेले कामगार घरीच होते. एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी कंपनीची हरकत, आणि मधे टेबलापलीकडे बसलेला अधिकारी. कोणी जगावं, कोणी मरावं, हे ठरवणारा.

हे चित्र ओळखीचं वाटतं ना?

आपली एक अख्खी पिढी त्या टेबलासमोर उभी राहून म्हातारी झाली. परवाना, कोटा, आयातीचा दाखला. आकुर्डीच्या स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट पाहायची. कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी जशी मिळेल तशी गोड मानून घ्यायची. घड्याळ, ट्रान्झिस्टर, सोनं, सगळं चोरवाटेनं यायचं. तस्कर श्रीमंत झाले, कारखानदार निवांत झाले, आणि ग्राहक ताटकळत राहिला. देशी उद्योगाचं संरक्षण याचा अर्थ आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही.

1991 नंतर दारं किलकिली झाली, तेव्हा 1993 मध्ये मुंबईत काही बडे उद्योगपती जमले. ‘बॉम्बे क्लब’ म्हणून त्यांची नोंद झाली. राहुल बजाज त्यातलं ठळक नाव. आधी आम्हाला समान संधी द्या, परदेशी कंपन्यांना एकदम मोकळं रान नको, असा त्यांचा सूर होता. मग झालं काय? स्पर्धा आली, आणि त्याच बजाज ऑटोनं पुण्यात स्वतःच्या बळावर पल्सर बनवली. आज कंपनीच्या दुचाकी जगभर विकल्या जातात. नंबर लावून स्कूटर विकणाऱ्या काळात हे का सुचलं नाही?

कारण गरजच नव्हती.

आणि हीच परवाना-दाखल्याची व्यवस्था आता अमेरिकेत उभी राहत्ये. सिलिकॉन व्हॅलीत घर केलेल्या आपल्या मुलांच्या आई-बापांनी ज्याच्यापासून सुटका करून घेतली, ते नातवंडांच्या वाट्याला येऊ पाहतंय. मनापासून सांगतो, याचं वाईट वाटतं.

2024 च्या निवडणुकीत ट्रम्प नकोत तर कमला हॅरिस? त्या ट्रम्प यांच्या शुल्काला विक्रीकर म्हणत होत्या. बरोबर म्हणत होत्या. पण चीनवरची ट्रम्पकालीन शुल्कं चार वर्षं चालू कोणी ठेवली? बायडेन-हॅरिस सरकारनं. चिनी विजेच्या मोटारींवरचं शुल्क 25 वरून 100 टक्क्यांवर गेलं, तेही सप्टेंबर 2024 मध्ये. जपानची निप्पॉन स्टील तेव्हा सुमारे 15 अब्ज डॉलर मोजून यूएस स्टील विकत घ्यायला तयार होती. भागधारक राजी होते. ट्रम्प म्हणाले, होऊ देणार नाही. बायडेन म्हणाले, नको. हॅरिस पिट्सबर्गला जाऊन म्हणाल्या, कंपनी अमेरिकन हातांतच राहावी. एवढ्या भांडणात यांचं एकमत झालं ते नेमकं चुकीच्या जागी.

लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात मे 2024 मध्ये ट्रम्प स्वतः गेले होते, पाठिंबा मागायला. सभागृहानं हुर्यो उडवली आणि चेस ऑलिव्हर यांना उमेदवारी दिली. हा पक्ष निवडून येणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण आपल्या घरी आलेल्या बलाढ्य पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायला धमक लागते. रिपब्लिकन पक्षात ती आता उरलेली नाही. एकेकाळी हाच पक्ष मुक्त व्यापाराची शपथ घ्यायचा.

‘चार वर्षांचा तर प्रश्न आहे, नंतर शुल्क काढता येईल’, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोंबडीची गोष्ट ऐकावी.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपनं अमेरिकन कोंबडीवर शुल्क वाढवलं. उत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या ट्रकवर 25 टक्के शुल्क लावलं. 1964 पासून. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं. बाकीची शुल्कं गेली. ट्रकवरचं आजही आहे. साठहून जास्त वर्षं.

मग फोर्डनं वाट काढली. तुर्कस्तानात बनलेल्या आपल्याच मालवाहू व्हॅनला मागे खिडक्या आणि सीटं बसवून ती प्रवासी गाडी म्हणून आणायची. प्रवासी गाडीवर शुल्क होतं फक्त अडीच टक्के. बाल्टिमोरला उतरली की मागची सीटं उखडून काढायची आणि मालवाहू व्हॅन म्हणून विकायची. सीटं जन्माला आली ती उखडण्यासाठी. सरकारनं दंडाचा दावा लावला, आणि मार्च 2024 मध्ये फोर्डनं 36.5 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. माणसाच्या बुद्धीची, श्रमाची, पैशाची ही नासाडी कोणाच्या संरक्षणासाठी झाली? कोणी सांगू शकेल?

ट्रम्प यांचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. 2024 च्या प्रचारात फ्लिंट शहरातल्या सभेत ते म्हणाले, भारत शुल्काचा फार मोठा गैरवापर करतो. बरोबर आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबात आपलं सरासरी शुल्क तेव्हा 17 टक्क्यांच्या घरात होतं, अमेरिकेचं साडेतीन टक्क्यांच्याही आत.  यावर रागवायचं कशाला? ते शुल्क अमेरिका भरत नाही. आपण भरतो.

2024 च्या दिवाळीत फराळाला तेल आणलं होतंत ना? त्या वर्षी 14 सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झालं. निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. सांगितलं असं की विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनला भाव मिळेल. तळणीचं तेल लगेच चढलं. सोयाबीनचा भाव मात्र त्या ऑक्टोबरातही 4892 रुपयांच्या हमीभावाखालीच होता. ग्राहकाचा खिसा कापला आणि शेतकऱ्याचा भरला नाही.

आणि कांदा? डिसेंबर 2023 पासून मे 2024 पर्यंत निर्यातबंदी. लासलगावचा शेतकरी भाव मिळायच्या वेळी घरात कोंडला. शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर हेच सांगत राहिले, की शेतकऱ्याला मेहेरबानी नको, बाजार मोकळा करा. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर मोर्चे निघत होते, तेव्हा खुल्या व्यापाराच्या बाजूनं ते उभे राहिले. आयात रोखा म्हणणारा आणि निर्यात रोखा म्हणणारा, दोघांचाही हात शेवटी आपल्याच माणसाच्या गळ्यावर असतो.

आता अधिकाराचं. अमेरिकेच्या राज्यघटनेनं शुल्क लावण्याचा अधिकार अध्यक्षाला दिलेला नाही. पहिल्या अनुच्छेदात तो काँग्रेसला दिला आहे. 1930 मध्ये काँग्रेसनं तो वाईट वापरला. 1028 अर्थतज्ज्ञांनी विनवणी केली तरी स्मूट आणि हॉली यांचं शुल्क विधेयक मंजूर झालं, अध्यक्ष हूवर यांनी सही केली, देशोदेशींनी उलट शुल्कं लावली आणि मंदीची खाई आणखी खोल झाली. 1932 मध्ये स्मूट, हॉली आणि हूवर, तिघांनाही मतदारांनी घरी बसवलं. 1934 मध्ये काँग्रेसनं अध्यक्षाला अधिकार दिले ते इतर देशांशी बोलून शुल्क कमी करण्यासाठी. पुढे 1962 आणि 1974 च्या कायद्यांत भर पडत गेली. उतरवण्यासाठी दिलेली किल्ली आता चढवण्यासाठी फिरवली जात्ये, एका माणसाच्या मर्जीनं, एका सहीवर.

सिनेटर रँड पॉल यांनी 2024 मध्ये एक विधेयक मांडलं. काँग्रेसच्या मंजुरीशिवाय अध्यक्षाला नवं शुल्क लावता येऊ नये, एवढीच त्यात मागणी होती. ट्रम्प यांच्याच पक्षाचा माणूस. साथीला फारसं कोणी नव्हतं.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात ज्या मराठी वाचकांना मत आहे, त्यांना एक विनंती. अध्यक्ष कोण हवा ते तुमचं तुम्ही ठरवा, तिथे मी तोंड घालत नाही. पण त्याच मतपत्रिकेवर तुमच्या भागातला प्रतिनिधिगृहाचा उमेदवारही असतो, काही राज्यांत सिनेटचाही. त्याला एवढंच विचारा : शुल्काचा अधिकार काँग्रेसकडे परत आणण्याच्या बाजूनं मत देणार का? हो किंवा नाही. उत्तर टाळलं, तर ते नाही समजा आणि मत दुसऱ्याला द्या.